हिंदमाताचं पाणी: वस्तीच्या निचऱ्यावर शहराने पैसा घालावा का?

दादर पूर्वेकडून परळला जाताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्ता हिंदमातापाशी किंचित खाली उतरतो. गाडीत बसलेल्याला तो उतार कळत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. चारही बाजूंच्या उंच भागांतून आलेला पाऊस या बशीत जमतो आणि जोराची सर तासभर टिकली की ड्रेस मटेरियलच्या दुकानांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. केईएम, वाडिया आणि टाटा ही तिन्ही रुग्णालयं इथून जवळच. त्यामुळे इथे पाणी तुंबलं की अडकणारा माणूस बहुतेक वेळा इथला रहिवासी नसतो, बाहेरून आलेला असतो. पुढच्या सगळ्या हिशोबात हे लक्षात ठेवावं लागेल.

प्रश्न असा होता. २०१६ मध्ये रे रोडचं ब्रिटानिया उदंचन केंद्र, म्हणजे पावसाचं पाणी उपसणारं पंपिंग स्टेशन, सुरू झालं. हिंदमाता, लालबाग, भायखळा या पट्ट्याला त्यातून दिलासा मिळेल असं सांगितलं गेलं होतं. तरी पाणी तुंबतच राहिलं. मग त्याच जागेसाठी पुन्हा भूमिगत साठवण टाक्या, वाहिन्या आणि मिनी उदंचन केंद्र यांवर महापालिकेने पैसा घालावा का? एवढ्या खर्चानंतरही पाणी तुंबतंय म्हणजे आधीचा पैसा वाया गेला, असं म्हणणारे पुष्कळ होते. तसं म्हणण्याआधी पाणी नेमकं कुठे अडतं ते बघायला हवं.

पाणी कुठे अडतं

मुंबई शहर भागातल्या मोठ्या पर्जन्य जलवाहिन्या म्हणजे शंभराहून अधिक वर्षं जुने विटांचे कमानी नाले. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल, त्यातला निम्मा जमिनीत मुरेल आणि समुद्राला ओहोटी असेल, या हिशोबाने ही व्यवस्था चालत आली. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने अभ्यास करून घेतला आणि १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅड, म्हणजे बृहन्मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा अहवाल आला. त्यात तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला आणि सगळं पाणी वाहून येईल, काहीच मुरणार नाही, असं मानलं.

हे ऐकून क्षमता दुप्पट करायची आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती चौपट करावी लागते. हिशोबाला सोपं जावं म्हणून १०० हेक्टरचा पाणलोट धरू. २५ मिलिमीटर पाऊस आणि निम्मं मुरणं या जुन्या मापाने नाल्याला सेकंदाला साधारण ३.५ घनमीटर पाणी न्यावं लागतं. नव्या मापाने तोच आकडा १३.९ घनमीटर होतो. पाऊस दुप्पट आणि वाहून येणारा वाटाही दुप्पट. चाळीच्या मागची मोकळी माती गेली, गिरण्यांच्या जागी टॉवर आणि पोडियम आले, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, त्याचा हा परिणाम. अहवाल बरीच वर्षं निधीअभावी रखडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर कामाला खरा वेग आला. २००७ मध्ये केंद्राने १,२०० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही उदंचन केंद्रं त्यातून उभी राहिली. मोगरा आणि माहुल मागे पडली.

आता समुद्राकडे बघू. मुंबईत पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी १८६ पातमुखं आहेत. त्यांतली भरतीच्या पातळीच्या वर असलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. भरती आली की बाकी ठिकाणी समुद्र नाल्यात शिरू बघतो. फ्लड गेट लावून तो अडवला की नाल्यातलं पाणी आतच तुंबतं. म्हणून दरवाजामागे पंप लागतात. ब्रिटानियाला सेकंदाला ६,००० लीटरचे सहा पंप आहेत. क्षमता चांगलीच आहे, पण पंप पातमुखाशी आहेत आणि हिंदमाताचा खड्डा काही किलोमीटर आत.

लांब, सपाट नाल्याच्या शेवटी पंप बसवून वरच्या टोकाला किती फरक पडतो? समजा नाला ४ किलोमीटर लांब आहे आणि त्याला किलोमीटरला अर्धा मीटर उतार आहे. पंपाने शेवटची पातळी आणखी १ मीटर खाली ओढली, तर पाण्याचा उतार किलोमीटरमागे पाव मीटरने वाढतो, म्हणजे दीडपट होतो. प्रवाह मात्र उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो जेमतेम २२ टक्क्यांनी वाढेल. आता दुसरी बाजू. तोच नाला ३ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असेल आणि तळाशी अर्धा मीटर गाळ असेल, तर वहनक्षमता साधारण ३१ टक्क्यांनी घटते. अर्धा मीटर गाळाने कोट्यवधींच्या पंपाची सगळी कमाई खाल्ली आणि वर उधारी ठेवली. ब्रिटानिया फसलं असं यातून निघत नाही. ते भरतीवरचं उत्तर होतं. हिंदमाताची अडचण भरतीइतकीच मधल्या वाटेची आहे.

चार पर्याय

सरळ उपाय म्हणजे मधला नाला मोठा करणं. कागदावर हेच सर्वोत्तम. पण आंबेडकर रस्त्याखाली जलवाहिन्या, मलवाहिन्या, वीज आणि दूरसंचाराच्या केबल आहेत, वर उड्डाणपुलांचे खांब. एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंत खोदकामाला जेमतेम आठ महिने मिळतात. आणि नाला पातमुखाकडून वरच्या दिशेने रुंदावत आणावा लागतो, वरून सुरुवात केली तर अरुंद भागाच्या तोंडाशी पाणी आणखी जोरात तुंबतं. हे काम सोडून द्यायचं नाही, पण त्याच्या भरवशावर दहा पावसाळे थांबणंही शक्य नाही.

दुसरा पर्याय दर पावसाळ्यात भाड्याने आणलेले डिझेल पंप. शहरभर ते शेकड्यांनी लागतात. रस्त्यावरचं पाणी उपसून ते बहुधा जवळच्याच मॅनहोलमध्ये सोडतात, आणि तो मॅनहोल त्याच तुडुंब नाल्याचा असतो. पंपाचा आवाज येतो, पाणी फिरत राहतं, पातळी हलत नाही. पाणी सोडायची जागा दुसऱ्या, मोकळ्या वाहिनीत असेल तरच या पंपांना अर्थ आहे.

तिसरा पर्याय रस्ता उंच करण्याचा. हिंदमाता आणि परळच्या उड्डाणपुलांमधला तुकडा उंच करून दोन पूल जोडले गेले. रुग्णवाहिका आणि बस थांबू नयेत यासाठी तो निर्णय योग्यच. मात्र त्याने निचरा होत नाही. २०० मीटर लांब, २० मीटर रुंद पट्टा १ मीटर उचलला तर ४,००० घनमीटर पाण्याची जागा आपण भरून टाकली. ते ४० लाख लीटर कुठेतरी जाणारच, आणि ते जातं बाजूच्या गल्लीत, जिथल्या चाळीचा जोता आता रस्त्याहून खाली गेलेला असतो. नगरसेवक निधीतून होणाऱ्या छोट्या काँक्रिटीकरणाचंही तेच. प्रत्येक गल्ली आपलं पाणी पुढच्या गल्लीला देते आणि फीत कापली जाते.

राहिला चौथा पर्याय: जास्तीचं पाणी तासभर कुठेतरी ठेवायचं आणि ओहोटीला सोडायचं. २०२१ पासून महापालिकेने हाच मार्ग धरला. दादरचं प्रमोद महाजन कला पार्क आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली टाक्या बांधल्या. रेल्वे रुळांखालून वाहिनी नेण्यासाठी मायक्रोटनेलिंग, म्हणजे वरून न खोदता यंत्राने जमिनीखालून छोटा बोगदा, करावं लागलं, कारण लोकल बंद ठेवून खोदता येत नाही. सांताक्रूझच्या मिलन सबवेलाही पुढे हीच युक्ती वापरली गेली.

टाकी केवढी आणि पंप केवढा

टाकीचं माप २४ तासांच्या पावसावरून काढायचं नसतं. दिवसभरात सावकाश पडलेले २०० मिलिमीटर नाला पचवू शकतो, तासात पडलेले ८० नाही. महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापकं १५ मिनिटांचे आकडे देतात, माप त्यांवरूनच काढायचं.

पुन्हा आपले १०० हेक्टर घेऊ. तासात ८० मिलिमीटर पाऊस पडला आणि नाला ५० ओढतोय, तर उरतात ३० मिलिमीटर, म्हणजे ३०,००० घनमीटर, ३ कोटी लीटर. तेच भरतीच्या वेळी नाला २५ मिलिमीटरच ओढू शकला तर उरलेलं पाणी साडेपाच कोटी लीटर होतं. ‘टाकी असून पाणी का तुंबलं’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा या दोन आकड्यांमध्ये असतं. टाकीची जाहिरात पहिल्या आकड्यावर होते, पाऊस दुसऱ्या आकड्याचा पडतो. आणि २००५ सारखा पाऊस आला तर १०० हेक्टरवर ९४ कोटी लीटर पाणी पडतं. तिथे ३ कोटींच्या टाकीचा उल्लेखही करू नये. ही टाकी वर्षात चार-पाच वेळा येणाऱ्या सरींसाठी आहे, आणि निधी मागताना तसंच लिहावं.

टाकी दूर असली की पाणी आपोआप तिथे पोचत नाही. हिंदमाताचं मिनी उदंचन केंद्र ते वाहिन्यांतून तिकडे ढकलतं. इथे एक नेहमीची चूक होते. ३ कोटी लीटर पाणी तासात टाकीत पोचवायचं तर सेकंदाला ८.३ घनमीटर उपसावं लागतं. तेच पाणी नंतर ओहोटीच्या सहा तासांत बाहेर काढायला १.४ घनमीटर पुरतात. भरणारा पंप रिकामा करणाऱ्या पंपाच्या सहापट हवा. खर्च वाचवायला भरणारे पंप छोटे घेतले, तर रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि मैदानाखाली अर्धी रिकामी टाकी असं दृश्य दिसतं. रिकामं करणं मात्र लांबवता येत नाही, कारण बारा-साडेबारा तासांनी पुढची भरती येते आणि दुसरी सर तिची वाट बघत नाही. ८ मीटर एकूण उंची आणि ६५ टक्के कार्यक्षमता धरली तर रिकामं करायलाच सुमारे १७० किलोवॅट लागतात. तेवढा डिझेल जनरेटर हवा, कारण ज्या संध्याकाळी पंप लागतो त्याच संध्याकाळी वीज जाते.

बांधकामातली एक गोष्ट निविदेत राहून जाते: रिकामी टाकी तरंगते. तळ जमिनीखाली ६ मीटर आणि भूजल १ मीटरवर असेल, तर तळावर चौरस मीटरला ५ टन दाब खालून वर येतो. १ मीटर जाडीचं काँक्रीट त्यातला निम्मा भार तोलतं, बाकीच्यासाठी भिंती आणि छताचं वजन, वरची माती किंवा खाली रोवलेले अँकर लागतात. समुद्र भरून काढलेल्या बेटांच्या शहरात भूजल वर असतं, हे विसरून चालत नाही.

आणि पाणी टाकीपर्यंत जायच्या आधी रस्त्यावरून आत तरी शिरलं पाहिजे. पालिकेच्या भाषेत वॉटर एंट्रन्स, म्हणजे रस्त्याकडेच्या जाळ्या. पहिल्या सरीत दूध पिशव्या, चिंध्या आणि झाडांची पानं त्यांवर बसतात. हिशोबात जाळीची निम्मीच जागा मोकळी धरावी आणि जाळ्यांची संख्या दुप्पट करावी, हा टाकीच्या मानाने फुकटात पडणारा उपाय. तो केला नाही की रहिवासी वाट करून द्यायला मॅनहोल उघडतात. २९ ऑगस्ट २०१७ ला सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी याच भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. मॅनहोलच्या झाकणाखाली संरक्षक जाळी हवी, हे त्यानंतर सगळ्यांना पटलं.

पैशाचा हिशोब

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ प्रमाणे गटारं बांधणं आणि राखणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. म्हणजे निचऱ्यावर खर्च करावा की नाही हा प्रश्नच नाही. कुठल्या वस्तीला आधी आणि कोणत्या उपायावर, एवढाच प्रश्न उरतो. हे ठरवायची पद्धत दाखवण्यापुरते काही आकडे गृहीत धरू. ते हिंदमाताचे नाहीत.

टाक्या आणि पंप मिळून १०० कोटी, चालवण्याचा खर्च वर्षाला दीड कोटी, आयुष्य ३० वर्षं, व्याजदर ६ टक्के. या दराने ३० वर्षं मिळणारी वर्षाला १ कोटीची बचत आजच्या किमतीत सुमारे १३.८ कोटींची होते. आता नुकसान. वर्षातून चारदा पाणी तुंबतं आणि दर वेळी दुकानं, घरं, वाहनं मिळून १ कोटी जातात, म्हणजे वर्षाला ४ कोटी. दहा वर्षांत एकदा येणारा १५ कोटींचा फटका वर्षाला दीड कोटी पडतो. शंभर वर्षांतल्या एका १०० कोटींच्या पुराचा वाटा वर्षाला १ कोटी. सर्वांत मोठा भार नेहमीच्या छोट्या पाण्याचा आहे, आणि टाकी वाचवते तीही हेच ४ कोटी. ४ गुणिले १३.८ म्हणजे ५५ कोटी. चालवण्याचे २१ कोटी वजा केले तर १०० कोटींच्या बांधकामासमोर उरतात ३४. वस्तीपुरता हिशोब केला तर प्रस्ताव सपशेल आपटतो.

आता रस्त्यावर अडकलेली वाहनं, वळवलेल्या बस, उशिरा पोचलेले रुग्ण आणि बुडालेली रोजंदारी यांचे वर्षाला ५ कोटी धरा. ९ गुणिले १३.८ म्हणजे १२४, वजा २१, म्हणजे १०३ कोटी. आता प्रस्ताव जेमतेम तरतो. फायद्याचा मोठा हिस्सा वस्तीबाहेरच्या लोकांचा आहे, आणि पाणीही वरच्या भागांतून आलेलं आहे. म्हणून खर्च शहराच्या अर्थसंकल्पातून व्हावा. सखल भागातल्या दुकानदारांवर वेगळा कर बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या छपराचं पाणी झेलल्याबद्दल दंड भरायला लावणं.

याच हिशोबात आणखी एक आकडा फिरवून बघा. चार वेळांतून एकदा पंप सुरूच झाला नाही, तर ९ कोटींची बचत पावणेसात होते. आजच्या किमतीत ९३, वजा २१, म्हणजे ७२ कोटी. बांधकामात एक वीटही कमी पडलेली नाही, तरी प्रस्ताव तोट्यात गेला.

२६ मे २०२५ ला हे उघड झालं. मुंबईत मोसमी पाऊस नोंदींतल्या सर्वांत लवकरच्या तारखेला पोचला. त्याआधीचा विक्रम २९ मेचा होता. हिंदमाताला पुन्हा पाणी तुंबलं. मिनी उदंचन केंद्रं वेळेत चालू झाली नाहीत म्हणून महापालिकेने हिंदमाता, गांधी मार्केट, येलो गेट आणि चुनाभट्टी इथल्या चालकांना प्रत्येकी १० लाखांचा दंड केला. मान्सूनपूर्व कामांची मुदत ३१ मे धरायची पालिकेची जुनी सवय आहे. पाऊस पाच दिवस आधी आला तर त्या तारखेवर आखलेलं सगळं उघडं पडतं.

मंजुरी द्यायची तर कोणत्या अटींवर

आमचं मत: हिंदमातासारख्या जागी पैसा घालावा, पण बांधकाम आणि चालवणं यांचा एकच करार करून. ठेकेदाराला किमान दहा वर्षं केंद्र चालवावं लागेल आणि रकमेचा मोठा भाग पंप प्रत्यक्ष किती तास चालले, रस्त्यावर १५ सेंटिमीटरहून जास्त पाणी किती मिनिटं राहिलं, यांवरून मिळेल. त्यासाठी रस्त्यावर मोजपट्टी आणि पातळीची नोंद ठेवणारं यंत्र लागतं. ते बसवायला फार खर्च नाही. नंतर वाद झालाच तर तेवढाच पुरावा हाती असतो.

चाचणी एप्रिलअखेर, खऱ्या पाण्याने. टँकरने किंवा नाल्यातून संप, म्हणजे पंपाखालची पाण्याची कुंडी, भरायचा, वीज मुद्दाम तोडायची, जनरेटर किती सेकंदांत भार घेतो ते लिहायचं, आणि सगळे पंप एकदम चालवायचे. एकेक पंप आळीपाळीने फिरवून दाखवला की केबल आणि पॅनेलची दुखणी दिसत नाहीत. पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणाऱ्या तरंगत्या फ्लोट स्विचमध्ये चिंधी अडकते म्हणून हाताने सुरू करण्याची सोय आणि ते करायला चोवीस तास माणूस हवा. पॅनेल तळमजल्यावर नको, आजवर चढलेल्या सर्वांत उंच पाण्याच्या खुणेच्या किमान १ मीटर वर हवं. एक पंप कायम राखीव ठेवायचा. वाहिनीच्या टोकाची झडप महिन्यातून एकदा उघडून बघायची, कारण प्लास्टिकचा एक तुकडा अडकला तरी ती नीट बसत नाही आणि भरतीचं पाणी गुपचूप आत येतं.

मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांत पाऊस नसतानाही सांडपाणी वाहतं. ते टाकीत राहिलं तर मैदानाखाली हायड्रोजन सल्फाइड साठतो, पंपाचे धातूचे भाग खराब होतात आणि साफसफाईला उतरणाऱ्या कामगाराचा जीव धोक्यात येतो. म्हणून टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर असा उंबरठा ठेवायचा की रोजचं सांडपाणी खालून निघून जाईल आणि पावसाचं चढलेलं पाणीच आत पडेल. वायुमापक आणि वायुवीजन असल्याशिवाय टाकीत कोणी उतरायचं नाही, आणि गाळ यंत्राने काढता येईल एवढी वाट छतात ठेवायची. गाळाचा हिशोब वजनावर ठेवला की काट्यावर काहीही चढतं. तो नाल्याच्या तळाची पातळी आधी आणि नंतर मोजूनच ठेवावा.

पातळ्या लिहितानाही जपायला हवं. मुंबईत जुने नकाशे टाऊन हॉल डेटम या जुन्या स्थानिक आधारपातळीत असतात, नवी सर्वेक्षणं समुद्रसपाटीपासून, तर भरतीचं कोष्टक बंदराच्या आधारपातळीपासून. तिन्ही आकडे एकाच तक्त्यात आणले नाहीत तर पातमुख कागदावर भरतीच्या वर दिसतं आणि जागेवर ते बुडालेलं असतं. प्रस्ताव स्थायी समितीकडे जाण्यापूर्वी हा तक्ता मागवावा. तो नसेल, तर बाकीच्या पानांवरचे आकडे तपासायला अजून सुरुवातही झालेली नाही असं समजून फाइल परत पाठवावी.